आग्नेलसाठी मिस्सा

रविवार, ३० नोव्हेंबर

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार. फादर मिनीननी मला रोज लिहायला सांगितलंय. म्हणाले, "बाई, सध्या तुमच्या तोंडाला जे येतं ते लोकांना लागतं. नाताळपर्यंत कागदाला सांगा. कागद रडत घरी जात नाही." गेल्या आठवड्यात सांत्वनाला आलेल्या बायकांना मी फाटकातूनच परत पाठवलं, त्यातली एक रडत गेली म्हणे. जाऊ दे. सांत्वन मेलेल्या माणसाच्या घरी करतात. माझा मुलगा मेलेला नाही, तो सापडलेला नाही. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि जन्मभर मालवणच्या पोरांना मराठी शिकवलेल्या बाईला तो फरक कोणी शिकवू नये.

दिवाळीनंतरच्या वादळात महादूची बोट देवगडच्या पुढे उलटली. बोटीवर तिघे होते. गंगारामचं प्रेत कुणकेश्वरच्या वाळूत लागलं. महादूला, तो बोटीचा तांडेल, म्हणजे प्रमुख, दुसऱ्या बोटीने जिवंत उचलला. आग्नेलचं काहीच मिळालं नाही, चप्पलसुद्धा नाही. चप्पल मिळत नाही म्हणजे चप्पल पायात असेल, आणि पाय कुठेतरी असतील. कुठल्या तरी परक्या बोटीने उचललं असेल, गुजरातकडे नेलं असेल. असं झालेलं आहे पूर्वी.

आमच्या चर्चमध्ये मिस्सेच्या, म्हणजे उपासनेच्या, आधी हेतू मोठ्याने वाचतात, कोणी कशासाठी प्रार्थना मागितली ते; मागणारा तो 'देणार'. भाई वाचतात. भाई चर्चची घंटा वाजवण्यापासून दारं लावण्यापर्यंत सगळं करतात, वय झालंय, चष्मा नाकावर राहत नाही. आजही त्यांनी वाचलं, "आग्नेल दांतस सुखरूप परत यावा म्हणून. देणार, आई." दर रविवारी हेच वाचायला सांगितलंय.

फादर प्रवचनात म्हणाले, आगमनकाळ म्हणजे वाट बघण्याचा काळ. मी मनात म्हटलं, फादर, या विषयात माझे मार्क कापून दाखवा.

घरी सुरूच्या डहाळ्यांचं कडं करून त्यात चार मेणबत्त्या खोचल्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी; दर रविवारी एक पेटवायची. घरातल्या सर्वांत लहान माणसाने पेटवायची असते, म्हणून सारिकाने पेटवली. सारिका म्हणजे आग्नेलची बायको. तिच्याकडून दोन काड्या विझल्या. वारा होता.

मंगळवार, २ डिसेंबर

सारिका हल्ली उजाडायच्या आत बाहेर पडते. विचारलं तर म्हणते, "दुकानात लवकर बोलवल्यानी हा, आई." ती औषधाच्या दुकानात कामाला आहे. ते दुकान नऊला उघडतं. एवढ्या पहाटे कुणाला खोकला येतो बाई मालवणात?

परत आली तेव्हा डोक्यावरची ओढणी तशीच होती आणि डोळे सुजलेले. म्हणे सर्दी. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीची सर्दी महिना महिना जात नाही, हेही नवलच.

मी काही बोलले नाही. इथे लिहिलं. फादर, झालं समाधान?

गुरुवार, ४ डिसेंबर

महादू आला होता. माझ्याच वर्गात होता हा, शेवटच्या बाकावर. अजूनही माझ्यासमोर तसाच उभा राहतो, जसा काही गृहपाठ विसरलाय. फाटकाबाहेरून म्हणाला, "बाईनू, माका एक सांगूचा होता."

मी म्हटलं, "दोघांना घेऊन गेलास आणि एकटा आलास. तुझं काय ऐकू?"

"बाईनू, येकच सांगतंय आणि जातंय."

"जा म्हटलं ना!"

गेला. याआधीही एकदा आला होता, तेव्हाही घालवला. त्याचे तळवे अजून सोललेलेच आहेत. मी बघितले, आणि मला त्यांचा राग आला. त्याचे हात भरून येतील.

सारिका मागच्या दाराने त्याच्या पाठोपाठ गेली. कोपऱ्यावरच्या विहिरीपाशी दोघं कितीतरी वेळ बोलत होती. म्हणजे तो बोलत होता आणि ही ऐकत होती. मग ही विहिरीच्या पायरीवर बसली आणि तो नुसता उभा राहिला.

आल्यावर विचारलं, "काय म्हणत होता?"

"काय नाय, आई. बोटीच्या विम्याचा."

विम्याचं ऐकून माणूस पायरीवर मटकन बसतो का? माझ्यापासून काहीतरी लपवते आहे ही. माझा संशय लिहूनच टाकते: तिला वेंगुर्ल्याला माहेरी जायचं आहे, आणि तिथून पुढे. वय लहान आहे, दिसायला चांगली आहे, मूलबाळ नाही. माझ्या मुलाची जागा अजून गरम आहे आणि हिला घाई झाली.

शनिवार, ६ डिसेंबर

दोरीवर काळं पोलकं वाळत होतं. "हे कुठून आलं?" म्हटलं. "शेलात गावला." सेलमध्ये दुसरा रंग नव्हता वाटतं!

काढून आत टाकलं. आमच्यात काळं सुतकातली बाई घालते, ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

रविवार, ७ डिसेंबर

दुसरी मेणबत्ती. मी ठरवलंय, यंदा नाताळचं सगळं गोड करायचं: नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, कुलकुल आणि दोदोलही. दरवर्षीपेक्षा जास्त.

शेजारच्या राधाबाईला सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. आमची तीस-पस्तीस वर्षांची देवघेव. दिवाळीला तिच्याकडून करंज्या-चकल्या येतात, नाताळला माझ्याकडून नेवऱ्या जातात. आणि तिच्यात काय किंवा आमच्यात काय, रीत एकच. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात वर्षभर गोडाची कढई चढत नाही. शेजारी आणून देतात.

"बाये," राधाबाई म्हणाली, "यंदा रवांदे गो. मी हाडून देतंय तुका."

"तू का आणून देणार? माझ्याकडे कोण मेलंय?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "तसा न्हय गो."

"मग कसं?"

ती उठून निघाली. बोलायला तोंड हवं. करणार म्हणजे करणार. घरात तळणीचा वास सुटला की गल्लीला कळेल, दांतस बाईचा मुलगा जिवंत आहे.

मंगळवार, ९ डिसेंबर

केल्या. काल उपवासासारखा दिवस काढला आणि आज पहाटेपासून लागले. सारिकाने दुकानातून सुट्टी घेतली. तिला सांगितलं नव्हतं, आपण होऊन घेतली, ते खोटं कशाला लिहू. नारळ खोवताना तिची बोटं विळीला लागली. रक्त आलं तरी "स्स" नाही. फडकं गुंडाळलं आणि दुसरा नारळ घेतला. मी म्हटलं, "अगो, रक्त लागेल खोबऱ्याला." तर म्हणाली, "लागाचा नाय, आई." अख्ख्या दिवसात तेवढंच बोलली. एक नेवरी चाखून बघ म्हटलं तर तोंड फिरवून परसात गेली.

संध्याकाळी ताटं घेऊन मीच गेले, घरोघरी. लोकांची तोंडं बघण्यासारखी होती. नको म्हणायची सोय नाही, कारण नको म्हणणं म्हणजे माझ्या तोंडावर सांगणं. आणि घ्यावं तर सुतकातलं गोड घरात आलं. सगळ्यांनी घेतलं. सगळ्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, जसं काही मी निखारा देत होते.

नंतर राधाबाईकडे गेले तर माझं ताट फळीवर तसंच झाकून ठेवलेलं. तिची सून किशोरी, मसुऱ्याची, नवीनच लग्न होऊन आलेली, बिचारी गोंधळून म्हणाली, "बाई, सासूबाई म्हणाल्या, टाकूक नको आणि खावक पण नको. मग मी काय करू?"

मी घरी आले. दोदोलची अख्खी वडी उभ्याउभ्या खाल्ली. गोड लागली नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर

आज काही नाही. रोजच्यासारखी पहाटे बंदरावर गेले. बोटी आल्या, लिलाव झाला, पर्यटकांनी सुरमईबरोबर फोटो काढले. कोळणी मला बघून आवाज खाली करतात.

एक लिहिते आणि पान उलटते. मला त्याचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवतो, चाल आठवते, शिंक आठवते. आवाज आठवायला गेले की त्याच्या बापाचा येतो.

देवा, तू ऐकतोस की नाही? मी दर रविवारी मागते ते तुझ्यापर्यंत येतं का मधल्यामध्ये भाईच वाचून संपवतात?

रविवार, १४ डिसेंबर

अक्षर वाईट येईल, येऊ दे.

आज तिसरा रविवार, आनंदाचा म्हणतात याला. फादर गुलाबी झगा घालतात, गुलाबी मेणबत्ती पेटते. चर्च भरलेलं, मुंबईकरही आलेत नाताळला. भाईंनी हेतू वाचायला घेतले. "आग्नेल दांतस सुखरूप परत यावा म्हणून. देणार, आई." मी मान खाली घातली. आणि भाईंनी त्याच दमात पुढचं वाचलं.

"ख्रिस्तवासी आग्नेल दांतस याच्या आत्म्याला चिरशांती मिळावी म्हणून. देणार, पत्नी."

चर्चमध्ये एक मूलही रडलं नाही. भाईंनाही वाचून झाल्यावर कळलं असावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि तिथेच बघत उभे राहिले. मागच्या बाकावर कोणीतरी येशूचं नाव घेतलं, "जेजू!" सारिका माझ्या शेजारी होती. तिने माझा हात धरायला हात पुढे केला. मी काढून घेतला.

पूर्ण मिस्सा मी ताठ बसून काढली. उठून गेले नाही. उठून गेले असते तर मी हरले असते.

घरी आल्यावर तोंड उघडलं. काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. "ख्रिस्तवासी!" म्हणाले, "नवऱ्याला जिवंतपणी ख्रिस्तवासी केलंस! कोणाला विचारून? तुला मोकळं व्हायचंय तर हो, पण माझ्या मुलाला मारून होऊ नको."

ती उभी होती तिथेच खाली बसली. म्हणाली, "आई, माका रडूक द्या."

"कोणी धरलंय तुला?"

"तुमी. तुमी वाट बघतास, म्हणान माका रडूक गावना नाय. घरात रडलंय तर तुमी म्हणतलास, कित्या रडतंस, तो मेलो काय? दुकानात रडाक येना नाय. मी खंय रडू, आई? माझो घोव होतो तो."

"होता नाही, आहे."

"होतो," ती म्हणाली. एवढ्या हळू, पण म्हणाली.

तेव्हा मी ते बोलले. "रडायचं असेल तर तुझ्या आईकडे जाऊन रड. या घरात कोणी मेलेलं नाही."

गुलाबी मेणबत्ती पेटवायची राहिली.

सोमवार, १५ डिसेंबर

सकाळच्या एसटीने सारिका वेंगुर्ल्याला गेली. जाताना पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. तिने माझं जेवण करून झाकून ठेवलं होतं.

दुपारी भाई आले. दारातच कान धरले म्हाताऱ्याने. "बाई, चूक माझी. सारिकेची मिस्सा रविवारची न्हयच, ती सोमवारची. ती रोजच्या सकाळच्या मिस्सेक मागता, पाच-सात माणसा असतत, कोणाक कळना नाय. माझ्या हातसून आयताराक लिवली गेली."

"रोज?"

"रोज येता ती, बाई. काळोखातच. मागच्या बाकार बसता आणि रडता. मिस्सा सोपली तरी उठना नाय. मगे मी दारा लावूक लागतंय तेव्हा उठता, ओढणीन तोंड पुसता, आणि जाता."

मी भाईंना चहा दिला. दुसरं काय देणार. ते गेल्यावर बराच वेळ कप धूत बसले.

बुधवार, १७ डिसेंबर

एकटीच्या घरात भांडं पडलं तरी दचकायला होतं. मी दिवसभर कोणाशी बोलले नाही. फादर, तुमचा उपदेश फळाला आला, आता माझं कोणाला लागत नाही.

राधाबाई आली. हातात काही नव्हतं. बसली, पदराने वारा घेतला, थंडी असून. म्हणाली, "बाये, आता तूच सांग. तुका ताट हाडू काय नको? नको म्हणशीत तर हाडूचंय नाय. हाड म्हणशीत तर हाडतंय. पण माझ्यार सोडू नको. माका झोप येना नाय."

मी तिच्या रिकाम्या हातांकडे बघत बसले. पन्नास पोरांच्या वर्गात कोणी उत्तर दिलं नाही की मी छडी आपटत असे. आज माझ्यासमोर कोणीतरी आपटायला हवी होती.

राधाबाई जाताना म्हणाली, "पोरगी चांगली हा गो तुझी." सून नाही म्हणाली, पोरगी म्हणाली.

शुक्रवार, १९ डिसेंबर

फादर मिनीन आले. मी सरळ विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं, ती रोज येते? मग मला का सांगितलं नाहीत? आणि एकाच माणसासाठी दोन्ही हेतू कसे घेतलेत तुम्ही? तो एक तर जिवंत आहे, नाही तर मेलेला. देवाला तरी काय समजायचं?"

फादर तरुण आहेत, माझ्या आग्नेलच्याच वयाचे. डोकं खाजवून म्हणाले, "बाई, मला काहीच सुचलं नाही. एकीला नाही म्हटलं असतं तर दुसरी बरोबर ठरली असती. मला ते धाडस नव्हतं."

निदान खरं बोलले. मग आगमनकाळाचं सांगू लागले, की आपण फक्त गोठ्यातल्या बाळाची वाट बघत नाही, शेवटच्या दिवसाचीही बघतो, मेलेले उठतील त्या दिवसाची. "त्या दिवशी आग्नेल भेटेल हे मी शपथेवर सांगू शकतो. बंदरावर भेटेल हे नाही सांगू शकत."

मी म्हटलं, "तो दिवस लांब आहे हो, फादर. मला हा नाताळच निघत नाही."

त्यावर ते पाणी प्यायले आणि गेले. मी आत जाऊन पलंगावर पडले आणि मनात पहिल्यांदाच ते वाक्य पूर्ण म्हणून बघितलं. आग्नेल मेला. काही झालं नाही. छप्पर पडलं नाही. म्हणजे मला वाटत होतं की मी म्हटलं तर मरेल, नाही म्हटलं तर नाही. म्हातारपणी माणूस किती मूर्ख होतो.

पण पटलं नाही अजून. म्हणून बघितलं, इतकंच.

रविवार, २१ डिसेंबर

मिस्सा झाल्यावर घरी न येता महादूच्या घरी गेले. आपण होऊन. अंगणात जाळं पसरून बसला होता, पण विणत नव्हता, नुसता हातात धरून होता. त्या दिवसापासून समुद्रावर गेलेला नाही म्हणाली त्याची बायको. मला बघून उठून उभा राहिला.

म्हटलं, "बस. काय सांगायचं होतं ते सांग."

तो जाळ्याकडे बघत बोलला. बोट उलटल्यावर गंगाराम लगेच गेला. हा आणि आग्नेल डिझेलच्या रिकाम्या कॅनला धरून रात्रभर होते. आग्नेलच्या पायाला फळी लागली होती, पाय हलवता येत नव्हता. उजाडायला आलं तेव्हा तो बोलला.

"काय बोलला? जसं बोलला तसं सांग."

महादूने डोळे मिटले. "महाद्या, माझ्या आवशीक सांग, वाट बघीत बसा नको. ती हट्टी आसा, ती बसान रवतली. आणि सांग, सारिकेक एकटी सोडू नको. ती कोणासमोर रडाची नाय."

मी म्हटलं, "हेच शब्द?"

"हेच, बाईनू. तुमी श्रुतलेखन घालीत होतास ना, तसा ध्यानात ठेवलंय. रोज सकाळी म्हणतंय येकदा, इसरान जाव नये म्हणान. तुमका सांगल्याबिगर सुटका नाय होती माझी."

"मग?"

"मगे तेचो हात सुटलो. मिया धरलंय, बाईनू. घट धरलंय. र्‍हवलो नाय." आणि त्याने ते सोललेले तळवे माझ्यापुढे केले, छडी खायला करावेत तसे.

मी ते हातात घेतले. आम्ही दोघं रडलो, त्याची बायको पण. किती वेळ ते ठाऊक नाही. त्यांची कोंबडी जाळ्यात अडकली ती सोडवायला कोणी उठलं नाही.

उठताना म्हणाले, "दोनदा तुला फाटकातून घालवला रे मी."

नाक पुसत म्हणाला, "तुमी वर्गातसून पण भायर काढीत होतास."

माझ्या मुलाने मरताना मला ओळखलं होतं. हट्टी आहे म्हणाला. बसून राहील म्हणाला. आणि मी बसले! त्याचा निरोप फाटकात उभा होता आणि मी बंदरावर त्याची वाट बघत होते. आणि जिला एकटी सोडू नको म्हणाला, तिला मी घालवून दिली. तिने हे सगळं विहिरीवर ऐकलं होतं, आणि घरी येऊन म्हणाली, विम्याचा.

चौथी मेणबत्ती कोण पेटवणार? घरात लहान माणूस नाही.

मंगळवार, २३ डिसेंबर

वेंगुर्ल्याला जाऊन आले. एसटीत सगळे नाताळचा बाजार घेऊन निघालेले, कागदी चांदण्या, पिपाण्या, केकचे खोके. एका पोरीचा चमकीचा कागद माझ्या साडीला लागला, तो अजून निघत नाही.

सारिकाच्या आईने दार उघडलं. आत या म्हणाली नाही. मला राग आला नाही, मीही नसतं म्हटलं. सारिका आतून आली, काळ्या कपड्यांत. किती वाळली आहे. जन्मभर घरातही मी शाळेचीच मराठी बोलत आले, पण तिच्यासमोर तोंडातून जे आलं ते माझ्या आईच्या बोलीतलं आलं.

"सारिका, आग्नेल गेलो गो."

ती रडली नाही. "माका ठावक आसा, आई."

"महादूकडे गेले होते."

"सगळा सांगल्यान?"

"सगळं."

थोडा वेळ ती दाराच्या चौकटीवर नख घासत राहिली. मग म्हणाली, "मी सांगूचा होता. पण तुमी पाटेचे बंदरार जाव्क उठीत होतास. तेच्याचसाठी उठीत होतास. ता काढून घेतलंय असता तर तुमी उठूच्याच नाय, असा दिसला माका."

मी इतकी वर्षं माणसं ओळखते अशी माझी समजूत होती. हिला मी कठोर म्हटलं, उतावळी म्हटलं, मनात आणखी काय काय म्हटलं. आणि ही मला रोज सकाळी उठायचं कारण ठेवून, काळोखात चर्चला जाऊन रडून येत होती.

"घरी चल," म्हटलं. "रड. मोठ्याने रड. मी काही म्हणणार नाही."

"बघतंय," ती म्हणाली.

तिची आई मागून म्हणाली, "तिका आता जरा रवांदे, विहिणबाई."

एकटी परत आले. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, मुलं काय करतात? मी म्हटलं, एक मुलगा होता. बोलून गेल्यावर खिडकीकडे तोंड केलं. हे आता मरेपर्यंत असंच सांगायचं.

बुधवार, २४ डिसेंबर

ती आली नाही. गल्लीभर चांदण्या लागल्यात. पोरं गोठा करताहेत, वाळू कमी पडली म्हणून माझ्या परसातून घेऊन गेली. राधाबाईला सांगितलं, "आण ताट." ती माझ्या गालावरून हात फिरवून गेली.

आज बंदरावर गेले नाही. सकाळी जाग आली, पण उठायला काही नव्हतं. सारिका बरोबर होती. छताकडे बघत पडून राहिले, ऊन अंथरुणापर्यंत येईपर्यंत.

गुरुवार, २५ डिसेंबर

सकाळच्या मिस्सेला काळी साडी नेसून गेले. लोकांनी वाट करून दिली. गायन चाललं होतं, सगळे उभे राहून गात होते, मी बसून होते. आनंद झाला नाही, लिहिण्यासारखं काही झालं नाही. बाळ येशूच्या मूर्तीच्या पायाचं चुंबन घ्यायला रांग लावतात, त्या रांगेत उभी राहिले, कारण घरी जाऊन काय करणार.

दुपारच्या एसटीने सारिका आली. एकटी, एक पिशवी घेऊन. मी दारातच बसले होते. वाट बघत नव्हते, खरंच, घरात बसवत नव्हतं म्हणून. तिने पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली, आत गेली, आग्नेलचा शर्ट खुंटीवर होता तो काढून छातीशी धरला, आणि ओरडली.

मी असं रडणं ऐकलं नव्हतं. बाहेर पोरं फटाके लावत होती ती थांबली. शेजारच्या घरातली गाणी कोणीतरी बंद केली. नाताळच्या दिवशी घरात रडू नये म्हणतात, अवलक्षण. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. गप्प कर म्हटलं नाही. ती "आग्नेल, आग्नेल" करत होती, आणि मीही करू लागले. दोघींनी त्याला खूप हाका मारल्या, तो येणार नाही हे माहीत असून.

मग माणसं येऊ लागली. ज्या बायकांना मी फाटकातून घालवलं होतं त्या सगळ्या आल्या, जिला रडवलं होतं तीही. किशोरी आली. महादू बायकोला घेऊन आला आणि बाहेरच बसला. राधाबाईने ताट आणलं, करंज्या, चकल्या, पिवळे लाडू, नाताळला दिवाळीचा फराळ. तिला दुसरं येतच नाही. आल्यागेल्याला किशोरीनेच चहा केला. संध्याकाळपर्यंत घर भरलेलं होतं.

आता सगळे गेलेत. सारिकाचे डोळे उघडत नाहीत इतके सुजलेत, माझेही. आग्नेल गेला. पुढच्या नाताळलाही नसेल, त्याच्या पुढच्याही. हे आज जेवढं दुखतंय तेवढं आजवर दुखलं नव्हतं. फादर म्हणतात ती आशा मला अजून दिसलेली नाही, खोटं कशाला लिहू.

एवढ्यात सारिकाने दारात येऊन विचारलं, "आई, उद्या जेवणाक काय करू?"

मी म्हटलं, "कर काहीतरी."

"काहीतरी नको. तुमका काय व्हया ता सांगा."

मला काय हवंय, याचा विचार करावा लागला. मग म्हटलं, "कुळथाची पिठी कर. आणि भात जरा मऊ."

"बरा," म्हणाली, आणि तांदूळ निवडायला बसली.